घरे दिल्यानंतरची मोजणी

पुनर्वसनोत्तर पाहणी म्हणजे एका जागेवरून उठून दुसरीकडे वसलेल्या माणसांचे पुढे काय झाले, याचा त्याच माणसांकडे ठरावीक काळाने परत जाऊन घेतलेला शोध. निर्वासितांना आश्रय देणाऱ्या काही देशांत तो सरकारी कामाचाच भाग आहे. अमेरिकेत मागल्या पाच वर्षांत आलेल्या निर्वासितांची दरवर्षी पाहणी होते. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून सुमारे २,४०० जणांचा माग पाच फेऱ्यांमध्ये ठेवला. ब्रिटनच्या गृहखात्याने २००५ ते २००९ या काळात टपालाने प्रश्नावली पाठवून असाच प्रयत्न केला. पण माणसे राहती जागा बदलत गेली आणि दर फेरीला उत्तरे देणाऱ्यांची संख्या घटत गेली. ज्यांचे बस्तान बसलेले नसते तेच आधी हाताबाहेर जातात, त्यामुळे उरलेल्यांच्या उत्तरांवरून परिस्थिती आहे त्याहून बरी दिसते.

भारतात १९५१ च्या जनगणनेत फाळणीच्या विस्थापितांची वेगळी नोंद झाली. ती संख्या सुमारे ७३ लाख भरली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ च्या फेरीत स्थलांतराच्या कारणांमध्ये नैसर्गिक आपत्ती आणि विकास प्रकल्प ही कारणे होती. मात्र राज्याच्या पातळीवरचा नमुना एखाद्या वाडीबद्दल काही सांगू शकत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पुनर्वसन आयुक्तावर ग्रामसभेशी विचारविनिमय करून अंमलबजावणीनंतरचे सामाजिक लेखापरीक्षण करण्याची जबाबदारी टाकली आहे. दरडीमुळे झालेले स्थलांतर हे भूसंपादन नसल्याने ही तरतूद दरडग्रस्तांना आपोआप लागू होत नाही. धरणाखाली घर गेलेल्याला जो आधार कायद्यात सापडतो, तो डोंगराखाली घर गेलेल्याला सापडत नाही. हा भेद समर्थनीय नाही.

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी हे याचे सर्वांत जवळचे उदाहरण. इर्शाळगडाच्या कुशीतल्या या ठाकूर वाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथके तासाभराहून अधिक चढून पोहोचली आणि यंत्रे वर नेता न आल्याने माती हातांनी उपसावी लागली. २३ जुलैला शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वाचलेल्या कुटुंबांची सोय चौक येथे कंटेनरमध्ये करण्यात आली आणि कायम वस्तीसाठी सिडकोकडे ४४ घरे बांधण्याचे काम देण्यात आले. दुर्घटनेला वर्ष झाले तेव्हाही कुटुंबे कंटेनरमध्येच होती.

अशा वस्तीच्या पाहणीतली पहिली अडचण आधारभूत नोंदीची असते. कोलसन आणि स्कडर या अभ्यासकांनी झांबेझी नदीवरील करिबा धरणामुळे उठणाऱ्या ग्वेंबे टोंगा लोकांची पहिली पाहणी १९५६ मध्ये, म्हणजे लोक उठण्यापूर्वीच सुरू केली आणि पुढे ती अनेक दशके चालवली. दरड अशी सवड देत नाही. तिच्यानंतर होतो तो पंचनामा. त्यात पडलेली घरे, मेलेली जनावरे आणि गेलेली माणसे येतात. वाडी आदल्या वर्षी कशी जगत होती, हे येत नाही. ते सरकारी दप्तरांतूनच जुळवावे लागते. शिधापत्रिकांवरून माणसे कळतात, रोजगार हमीच्या जॉबकार्डावरून मजुरीचे दिवस, आश्रमशाळेच्या हजेरीपटावरून मुले. अंगणवाडीच्या वजन नोंदवहीचे मोल यांत सर्वांत मोठे आहे, कारण तिच्यात त्याच मुलाचे वजन महिन्यामागून महिना लिहिलेले असते. मूल कंटेनरात आल्यावर आणि पुढे पक्क्या घरात गेल्यावर ती रेघ कुठे वळली, हे एका नजरेत दिसते. स्थलांतरित वस्ती दुसऱ्या अंगणवाडीला जोडताना जुनी वही सोबत नेली गेली नाही, तर ही एकमेव सलग नोंद तुटते. पुनर्वसनाच्या पहिल्या आठवड्यातल्या कामांच्या यादीत ही वही असायला हवी.

पाहणीत घराला क्रमांक द्यायचा की माणसाला, हा प्रश्न कागदी वाटतो; तो तसा नाही. इर्शाळवाडीतली काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत असल्यामुळे वाचली आणि पोरकी झाली. घराच्या क्रमांकावर चालणाऱ्या पाहणीत असे मूल मामाच्या किंवा काकाच्या कुटुंबात एक सदस्य म्हणून मिसळून जाते आणि त्याचे स्वतंत्र काय चालले आहे ते कोणत्याच रकान्यात उमटत नाही. लग्न होऊन दुसऱ्या वाडीत गेलेल्या मुलीचेही तेच. क्रमांक माणसाचा असावा आणि माणूस जाईल तिथे पाहणी जावी.

कर्जत आणि खालापुरात पाहणीचा महिना ठरवणे हे निम्मे काम आहे. इथल्या अनेक कातकरी वाड्या, आणि काही ठाकूर कुटुंबेही, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीत गेलेल्या प्रगणकाला दाराला कुलूप दिसते आणि तक्त्यावर ‘घर बंद’ असा शेरा पडतो. जे कुटुंब उचल घेऊन बाहेर पडले तेच मोजणीतून सुटते. जुलैत गेले तर सगळे लावणीवर. एक फेरी लावणी आटोपल्यावर आणि दुसरी फाल्गुन-चैत्रात, तीही भट्टीपर्यंत जाऊन, असे दोनदा केल्यावाचून वर्षाचा हिशेब लागत नाही.

विचारायचे काय, तेही वाडीच्या जगण्यातूनच ठरते. रायगडात ब्रिटिश काळापासून वनखात्याने डोंगरउतारावर दळी जमिनी कसायला दिल्या. त्यांवर नाचणी-वरी होते. वस्ती खाली चौकला आली तरी जमीन वरच राहते. म्हणून ‘जमीन आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ती यंदा कसली का, जायला किती वेळ लागतो, रात्री राखण कोण करते आणि वनहक्काचा दावा कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारावे लागते. उत्पन्नाचा आकडाही एकटा फसवा ठरतो. हमरस्त्याजवळ आल्यावर रोखीची मजुरी वाढते. त्याच वेळी जी लाकडे, रानभाजी, खेकडे आणि पाणी पैशांवाचून मिळत होते, त्यांच्या जागी गॅसची टाकी, बाजारचा भाजीपाला आणि विजेचे बिल येते. शेळ्या बांधायला जागा नसली तर अडीअडचणीला विकता येणारे धनही जाते. अभ्यासक मायकेल सर्निया यांनी विस्थापनातून येणाऱ्या दारिद्र्याचे जे आठ धोके मांडले, त्यांत सामायिक साधनांपासून तुटणे आणि आपसांतले संबंध विस्कटणे हे दोन आहेत. छापील तक्त्यांत नेमके हेच दोन बहुधा नसतात. घरातला खर्च आणि कर्ज बाईला अधिक नेमके ठाऊक असते, त्यामुळे तिच्याशी बोलणारी प्रगणक बाई हवी, आणि ठाकरी बोली समजणारी असली तर उत्तम. दरडीच्या रात्रीचे प्रश्न मात्र या पाहणीत असू नयेत. वाचलेल्यांनी ती रात्र पुष्कळांना पुष्कळदा सांगितली आहे.

ज्या यंत्रणेने घरे बांधली तिनेच पाहणी करू नये. सरदार सरोवराच्या विस्थापितांबाबत महाराष्ट्र शासनाने देखरेखीचे काम टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे सोपवले होते. तो पायंडा घरचाच आहे. आंबेगाव तालुक्यातील दरडग्रस्त माळीणचे पुनर्वसन २०१७ च्या एप्रिलमध्ये झाले आणि पहिल्याच पावसाळ्यात नव्या गावठाणातल्या कामांबद्दल तक्रारी आल्या. त्या वर्तमानपत्रांतून कळल्या. नियमित पाहणी असती तर त्या दप्तरात आल्या असत्या, आणि दुसऱ्या पावसाआधी कोणी काय करायचे हेही लिहिले गेले असते.

४४ घरांच्या वस्तीत नमुना काढणे निरर्थक आहे. तिथे एकेक घर म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक, म्हणून सर्वांनाच भेटायला हवे. इतक्या लहान वस्तीचे आकडे जसेच्या तसे छापले तर कोणाचे कर्ज किती हे शेजाऱ्याला ओळखता येते. त्यावर उपाय म्हणजे महाडचे तळिये, माळीण आणि इर्शाळवाडी या तिन्ही दरडग्रस्त वस्त्यांचे आकडे एकत्र प्रसिद्ध करणे, आणि वस्तीचा स्वतंत्र निष्कर्ष नावे वगळून ग्रामसभेत वाचून दाखवणे.

पाहणी केव्हा थांबवावी, यालाही कसोटी आहे. विस्थापितांच्या अडचणी शेजारच्या न हललेल्या वाडीपेक्षा वेगळ्या उरल्या नाहीत, म्हणजे विस्थापन संपले, असे संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शनातही मानले जाते. त्यासाठी कर्जत-खालापुरातल्या दोन-तीन न हललेल्या ठाकूर वाड्यांना तेच प्रश्न त्याच फेरीत विचारले पाहिजेत. स्कडर यांच्या मांडणीनुसार पहिली काही वर्षे राहणीमान घसरण्याचीच असतात आणि खरा निकाल पुढच्या पिढीत लागतो. २०२३ मध्ये पहिलीत असलेले मूल २०३३ च्या मार्चमध्ये दहावीला बसेल. निदान तोवर दरवर्षीच्या फेऱ्यांची आर्थिक तरतूद आताच व्हायला हवी.