अर्धशिशी म्हणजे नुसते पित्त नव्हे



चहा-चॉकलेट सोडले, पित्त आवरले की अर्धशिशी जाते, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी ठामपणे लिहिले आहे. बावीस वर्षे हे दुखणे सोसणारी बाई म्हणून मला ते मुळीच पटत नाही.

माझे दुखणे आधी नजरेत उमटते. पेपर वाचताना मधलीच दोन अक्षरे नाहीशी होतात. मग तिथे करवतीसारखी दातेरी, लखलखती कड उठते आणि हळूहळू बाहेर पसरत जाते. डोळे मिटले तरी ती दिसतेच, कारण बिघाड डोळ्यांत नाही, मेंदूच्या मागच्या भागात आहे. कार्ल लॅशली या शास्त्रज्ञांनी स्वतःच्या नजरेतली अशी कड कागदावर उतरवून १९४१ साली हिशेब मांडला: मेंदूवर या बिघाडाची लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर सरकते. वीस-पंचवीस मिनिटांत नजर निवळते, मग ठणका सुरू.

जागरण, उपास, रखरखीत ऊन आणि पाळी ही माझी कारणे. वहीत टिपून ठेवली म्हणून कळली. चॉकलेटचे उलटेही असू शकते. झटक्याआधी काहींना गोडाची ओढ लागते आणि आळ गोडावर येतो.

नजरेपुढे अशी कड येणाऱ्या बायकांना इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, धूम्रपानाने आणखीच. म्हणून मैत्रिणींनो, पित्त म्हणून गप्प बसू नका. त्या गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना या कडेबद्दल जरूर सांगा.

– एक वाचक, सातारा