अल्पमतातले नारळीकर

२००८ साली पुण्यात दोनशे मुलांच्या पत्रिका मांडल्या गेल्या. शंभर मुले शाळेत हुशार ठरलेली, शंभर विशेष मुलांच्या शाळांतली. जन्मवेळा अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांनी जमवल्या. पत्रिका मांडल्या एकेकाळी ज्योतिषी असलेल्या प्रकाश घाटपांडे यांनी. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पत्रिका दिल्या. हुशार मूल कोणते, एवढेच ओळखायचे. सत्तावीस जणांची उत्तरे आली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने तर दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या आणि १०२ ओळखल्या. छापा-काटा केला असता तरी एवढे जमले असते.

प्रस्थापित विज्ञान आपले ऐकून घेत नाही, अशी ज्योतिष्यांची तक्रार असते. ती करण्याचा खरा हक्क ही चाचणी योजणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनाच होता. १९६४ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्यासोबत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि पुढच्याच वर्षी पेन्झियास-विल्सन यांना सापडलेले, महास्फोटाची खूण मानले जाणारे सूक्ष्मलहरी प्रारण जाहीर झाले. विश्वाला आरंभ नाही असे सांगणारी हॉयल-नारळीकरांची स्थिर विश्वाची बाजू तिथेच पडली, असे बहुतेकांनी मानले. नारळीकरांनी ती सोडली नाही. १९९३ मध्ये हॉयल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासह ती त्यांनी नव्या रूपात मांडली: महास्फोट एकच नव्हे, निर्मितीच्या लहान लहान घटना अनेक, आणि ते प्रारण म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला. हे तंतू आम्हाला ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात. पण ते आहेत की नाहीत, हे निरीक्षणाने तपासता येते. पत्रिकेतला शनी मात्र तपासून नापास ठरला आहे.

सजीव अंतराळातून आले, ही हॉयल यांची आणखी एक बदनाम कल्पना. ती तपासण्यासाठी नारळीकरांच्या पुढाकाराने आणि इस्रोच्या साहाय्याने २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडले गेले. ४१ किलोमीटरपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचाही वाटा होता. तीन नवे जीवाणू सापडले, एकाला हॉयल यांचे नाव मिळाले. ते पृथ्वीबाहेरचेच आहेत असे मात्र सिद्ध होत नाही, हे इस्रोने २००९ च्या निवेदनातच लिहिले.

पुण्याच्या गणेशखिंडीत १९८८ मध्ये नारळीकरांनी आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. तिथे स्थिर विश्वाचा मठ सहज निघाला असता. उलट त्याच आयुकात संशोधक तरुण सौरदीप आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षे त्या सूक्ष्मलहरी प्रारणाचाच अभ्यास करत राहिले, तोही महास्फोटाच्या चौकटीत.