काळी मारबत दरवर्षी मिरवतो, जुम्मा दरवाजा कोणाला आठवतो?

राजेहो, पोस्ट जरा लांब आहे, पण इतवारी आणि महालवाल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

इंग्लंडमध्ये अर्मिन स्ट्रीट गार्ड नावाचं एक हौशी मंडळ आहे. १९७२ साली सुरू झालं. मंडळातली माणसं रोमन शिपायांचा वेष घालून लोकांना जुनी फौज दाखवतात. तो वेष भाड्याने आणलेला नसतो. उत्खननात सापडलेल्या वस्तू पाहून चिलखत, ढाल, तलवार हे लोक स्वतः घडवतात. ते विसावं लीजन उभं करतात. लीजन म्हणजे सुमारे पाच हजार शिपायांची रोमन पलटण. हे लीजन इ.स. ४३ मध्ये ब्रिटन जिंकायला आलं आणि पुढे चेस्टरला तळ देऊन राहिलं. म्हणजे ज्यांनी आपला देश जिंकला, त्यांचाच इतिहास हे लोक तपासून तपासून मांडतात. आणि त्याच रोमनांविरुद्ध लढून हरलेल्या बूदिका राणीचा पुतळा लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाजवळ उभा आहे. जिंकणारा आठवला, हरणारीही आठवली.

आता आपल्याकडे या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली इतवारी गर्दीने फुलते. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात, मागे बडगे असतात, आणि ईडापीडा, रोगराई सगळी घेऊन जा म्हणत लोक घसा कोरडा करतात. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, असं सांगितलं जातं. काळी म्हणजे कोणी पूतना म्हणतं, पण जास्त लोक एकच नाव घेतात: बाकाबाई भोसले. इंग्रजांना फितूर झाली, म्हणून तिचं सोंग काढून जाळायचं. नागपूरच्या इतिहासाचं एवढं मोठं नाट्य दुसरं नाही, आणि ते आपल्या गल्लीत होतं याचा मलाही अभिमान आहे.

पण नागपूर हातचं गेलं कसं, हे त्या गर्दीतल्या पोरांना विचारा. शंभरातले नव्वद "बाकाबाईमुळे" म्हणतील. पुढे काही नाही.

तारखा पाहा. इंग्रजांची तैनाती फौज नागपुरात आणणारा तह २७ मे १८१६ चा. तो केला अप्पासाहेब भोसल्यांनी. राजा परसोजी आजारी होता, कारभार आपल्याच हाती राहावा म्हणून. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत परसोजीचा खून झाला आणि त्याचा ठपका अप्पासाहेबांवर आला. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजींची राणी. तिचं आणि अप्पासाहेबांचं पटत नव्हतं. म्हणजे इंग्रज आत शिरला तो घरातल्या भांडणाच्या फटीतून.

मग झाली सीताबर्डीची लढाई. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. टेकडीवर रेसिडेंट जेंकिन्सच्या बाजूने जेमतेम दीड हजार माणसं, आणि समोर भोसल्यांची फौज त्याच्या दहापटीहून मोठी. भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतलीसुद्धा. पण फिट्झगेराल्डच्या घोडदळाने हल्ला केला, दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि पारडं फिरलं.

टेकडीवर इंग्रजांकडून मेले ते बहुतेक आपल्याच देशाचे, मद्रासी पलटणीचे शिपाई. त्यातली एक पलटण १८०६ च्या वेल्लोरच्या बंडात होती, म्हणून कंपनीने तिचा जुना नंबर काढून घेतला होता. सीताबर्डीला लढल्यावर तो तिला परत मिळाला. कंपनीविरुद्ध उठलेली पलटण कंपनीसाठी लढून आपलं नाव परत मिळवते! यात कोणाला फितूर म्हणायचं, सांगा बरं.

पुढचं तर कोणी सांगतच नाही. १६ डिसेंबरला अप्पासाहेब स्वतः इंग्रजांकडे गेले. राजा गेला, पण अरब आणि हिंदुस्थानी शिपाई शहर सोडेनात. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला केला, तो त्यांनी परतवला. अखेर अटी ठरवून, बायकापोरं आणि सामान घेऊन, ते ३० डिसेंबरला बाहेर पडले. जुम्मा दरवाजा म्हणजे आपलं गांधी गेट, महालचं. रोज त्याखालून आपण हॉर्न वाजवत जातो.

कोणी म्हणेल, ते भाडोत्री होते, परके होते, त्यांचं काय कौतुक? भाडोत्री होते, खरं आहे. पण राजा गेल्यावरही या शहराच्या भिंतीवर उभे राहिले ते हेच. आणि बाकाबाई निर्दोष होती, असंही माझं म्हणणं नाही. १८५७ मध्ये तिने आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं, घरच्यांना उठू दिलं नाही. पण १८१७ चं ओझं तिच्या डोक्यावर टाकून बाकीचे सगळे मोकळे सुटतात, हे मला पटत नाही. एका बाईला जाळलं की आपण हरलो का, हा प्रश्नच उरत नाही.

मारबत बंद करा, असं मी म्हणत नाही. ती राहिलीच पाहिजे. पण तिच्यासोबत तीन गोष्टी होऊ शकतात.

एक, गांधी गेटवर ठळक मराठीत फलक लागावा, १८१७ च्या डिसेंबरात इथे काय झालं ते सांगणारा. दोन, सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांना उघडतात. त्यात २७ नोव्हेंबर जोडायची विनंती महापालिका आणि लोकप्रतिनिधींनी करावी. २६ तारीख नको, तो संविधान दिन आहे, शहराला त्या दिवशी वेगळं काम असतं. तीन, आपल्या कॉलेजच्या पोरांनी त्या दिवशी टेकडीपासून गांधी गेटपर्यंत ही लढाई उभी करावी. भोसल्यांचा शिपाई, अरब, मद्रासी शिपाई, सगळे. पण कपडे सिरियलमधले नकोत. कागदपत्रं वाचून, जाणकारांना विचारून करा. खर्च नाटकाच्या एका प्रयोगाएवढा, पण त्यातून अभ्यास होईल.

आणि बडगे करणाऱ्या मंडळांना एक सुचवतो. महागाईचा, भ्रष्टाचाराचा बडग्या दरवर्षी निघतो. यंदा एक आपसातल्या फुटीचा काढा. १८१६ मध्ये नागपूर तिनेच खाल्लं.

पटलं तर सांगा, नाही पटलं तर तेही सांगा. फक्त तारखा घेऊन या.