आई काय करते?

मैत्रिणींनो, ‘आई कुठे काय करते’ ही मालिका २०१९ साली सुरू झाली नि २०२४ मध्ये संपली. पाच वर्षं म्हणजे फारच ताणली बाई! अनिरुद्धच्या प्रकरणापेक्षा अरुंधती आपल्या पायावर कशी उभी राहते, हेच मला बघायचं असे. सासूबाईंना तिचं दुसरं लग्न मुळीच रुचलं नाही. नाक मुरडायच्या, पण एक भाग चुकवायच्या नाहीत!

परवा चिरंजीवांनी शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’पुढे ‘काही नाही’ लिहिलं. माझी अर्धवेळ शिक्षिकेची नोकरीही विसरला! मी गप्पच बसले. सासूबाई मात्र कडाडल्या, “खोड ते आधी! शिक्षिका लिही. शिवाय घरही तीच चालवते!”

मालिका अगदीच वाया गेली नाही म्हणायची!