क्रोशाची सुई आणि आपली फुरसत

आपल्या वस्तीत एखादी बाई दुपारी क्रोशाची सुई घेऊन उंबऱ्यात बसली की दोन प्रश्न हमखास येतात. "काम नाही का काही?" आणि "एवढं करतेस तर विकत का नाहीस?" आम्हा परिचारिकांना, आशाताईंना, सफाईच्या कामावर जाणाऱ्या मैत्रिणींना हे दोन्ही प्रश्न आता पाठ झाले आहेत. आरोग्याच्या पानावर विणकाम कशाला, असेही काही वाचक म्हणतील. त्यांच्यासाठीच हे लिहीत आहोत.

आम्ही क्रोशा शिकलो तो चाळिशीत, रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर, आमच्यातल्याच एका निवृत्त सिस्टरकडून. साहित्य थोडके. टोकाला आकडा असलेली एक सुई आणि लोकरीचा एक गुंडा. फास करायचा, आकड्याने दोरा त्यातून ओढायचा, झाली साखळी. साखळी जमली की खांब. नव्या बाईने चार मिलिमीटरची सुई आणि फिकट रंगाची, जरा जाड लोकर घ्यावी. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, जवळचा चष्मा लागलेल्यांना तर मुळीच नाही. नवशिक्यांचा चौकोन हळूहळू त्रिकोण होत जातो, कारण ओळीचा शेवटचा खांब निसटतो. टाके मोजत राहावे, कड सरळ येते.

गोडी मात्र लागली ती उसवण्यामुळे. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते, एक टाका सुटला की जीव वर-खाली. क्रोशात बहुतेक वेळा एकच फास उघडा असतो. चुकले तर सुई काढा, दोरा ओढा, पुन्हा सुरू करा. वॉर्डात औषधाचा डोस, सलाइनचा वेग, रक्ताच्या पिशवीवरचा नंबर, कशातही ही सवलत नसते. पाळीभर डोळ्यांत तेल घालून वावरणाऱ्या बाईला, जिथे चुकले तरी कुणाचे काही बिघडत नाही अशी एक जागा मिळाली, तर तिचे मोल काय, ते आम्हाला विचारा.

ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८७ देशांतल्या ८,३९१ क्रोशा करणाऱ्यांनी उत्तरे दिली होती. दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी विणताना शांत वाटते असे सांगितले. पण उत्तर देणारे सगळे आधीच क्रोशाच्या प्रेमात पडलेले होते, हे विसरू नये. या पाहणीवरून क्रोशाने नैराश्य बरे होते, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरूच ठेवायची. झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नकोसे वाटू लागले, तर सुई बाजूला ठेवून १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक लावायचा.

आता त्या "विकत का नाहीस"कडे येऊ. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूर भागात बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या. मिशनऱ्यांनी आणलेली ही कला पुढे परदेशी बाजारात गेली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. दिवसाचे कित्येक तास विणूनही या बायकांची गणना कामगारांत नाही, घरी बसल्या बसल्या वेळ घालवणाऱ्या गृहिणींत होत होती, आणि मजुरी त्याच हिशेबाने कवडीमोल. म्हणून आम्ही म्हणतो, विकायचे तर श्रमाचा पूर्ण दाम घेऊन विका. नाहीतर छंदाला छंद राहू द्या. बचत गटाच्या स्टॉलची घाई कशाला?

छंद हे भरल्या पोटाचे चोचले, असे चळवळीतलेही काही बंधू म्हणतात. त्यांनी बाबासाहेबांचे १९४५ चे काँग्रेस आणि गांधींवरचे पुस्तक पुन्हा काढून पाहावे. माणसाला फुरसत नसेल तर सुसंस्कृत जीवन शक्य नाही, आणि ती फुरसत यंत्रांनी मिळवून द्यावी, हा विचार तिथे स्पष्ट मांडला आहे. मजूरमंत्री म्हणून त्यांनी कारखान्यांतला आठवड्याचा ५४ तासांचा दिवसक्रम ४८ वर आणणारे विधेयक मांडले, ते १९४६ मध्ये मंजूर झाले. ते सहा तास दळण-कांडणासाठी मागितलेले नव्हते. आपल्या घरांत मात्र पुरुषाच्या कॅरमला कुणी हिशेब विचारत नाही.

हाताची काळजी घ्यावी. वीस-पंचवीस मिनिटे झाली की सुई खाली ठेवून बोटे ताणायची, मान फिरवायची. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातली नस दबत असू शकते. दाखवून घ्या. मधुमेह असेल तर लवकरच.

आमच्या गटात तूर्त एक नियम आहे. पहिले वर्षभर कुणी ऑर्डर घ्यायची नाही. शनिवारची रात्रपाळी करून येणाऱ्या दोघी ओट्यावर टेकतात, तेव्हा सुई हवी की चटई, एवढेच त्यांना विचारतो. बऱ्याचदा चटईच मागतात.