बेवारस कोणीच नसतो

धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला कणकेचा दिवा करून तो दक्षिणेकडे तोंड करून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. घरातल्या कोणालाही अपमृत्यू येऊ नये म्हणून यमाला घातलेले ते साकडे. आमच्या सोनपेठला, माझ्या घरापासून चौथ्या घरी, या दिव्यापाशी गेली सहा वर्षे एक बाई थबकते. घरचा कर्ता पुरुष हयात असेल, तर दिव्यात त्याचाही वाटा आहे. नसेल, तर आधीच्या पितृपंधरवड्यात त्याचे पान वाढायला हवे होते. तो हयात आहे की नाही, हे तिला ठाऊक नाही. ती पान वाढत नाही, दिवा मात्र लावते.

अनारसे-चकल्यांच्या ताटाशेजारी हा असला विषय कशाला, असे कोणी गृहिणी म्हणेल. बाईसाहेब, दिवाळी हा घरची माणसे मोजण्याचा सण आहे. पुण्याचा मुलगा आला, नांदेडची लेक आली, भाऊबीजेला भाऊ आला. ज्या घरात ही मोजदाद दरसाल एकाने कमी भरते, त्या घराची आठवण दिवाळीला काढायची नाही, तर कधी?

हकीकत साधी आहे. दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेऊन नवराबायको एका कोयत्याने बांधली जातात आणि पोरे शाळेच्या पटावर नुसती नावाला उरतात. असाच हा गृहस्थ बायकोसह गोदाकाठच्या एका कारखान्यावर गेला. फेब्रुवारीतल्या एका रात्री कोपीतून बाहेर पडला, तो परतला नाही. मुकादम म्हणाला, "उचल बुडवून पळाला." तिथल्या ठाण्यात सांगितले, "तुमच्या गावच्या ठाण्यात जा." गावच्या ठाण्यात सांगितले, "जिथून हरवला तिथे जा." अखेर कुठेतरी 'मिसिंग' दाखल झाली आणि कागद फडताळात गेला.

त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. एका सवलतीचा अर्ज भरताना एक रकाना आला : वडील – हयात / मयत. मी लेखणी उचलली आणि थांबलो. आई समोर उभी होती. ती म्हणाली, "काय लिव्हायलात, गुर्जी? हाय बी लिहू नगा, नाई बी लिहू नगा." पण अर्जात तिसरा रकाना नव्हता. मी 'हयात' वर खूण केली आणि पोरीची सवलत गेली.

पुढे वर्षभराने कानावर आले, की नदीच्या खालच्या अंगाला एका बंधाऱ्याच्या फुगवट्यात त्याच सुमारास एक प्रेत लागले होते. मी त्या बाईबरोबर त्या ठाण्यात गेलो. जमादार सज्जन होता. त्याने अकस्मात मृत्यूची फाईल काढून दिली. 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५ ते ४०, बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगात पांढरा शर्ट.' वाचकहो, हे वर्णन आमच्या अर्ध्या तालुक्याचे आहे! सोबतचे छायाचित्र म्हणजे शाईचा डाग. प्रेताचे दहन झालेले, कपडे राखलेले नाहीत, दातसुद्धा राखलेला नाही. तो तिचा नवरा होता काय? होता असेही आता कधी सिद्ध होणार नाही आणि नव्हता असेही नाही. फाईलवर मात्र एक शब्द ठसठशीत लिहिला होता : बेवारस.

माझे भांडण या शब्दाशी आहे. बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही तो. हा वारस तर माझ्या शेजारी, पदराचा बोळा तोंडात धरून उभा होता! ज्याचा वारस शोधला नाही, त्याला 'वारस नाही' असे लिहिणे हा बिनचूक अक्षरात लिहिलेला खोटेपणा होय. एका ठाण्यात 'हरवला आहे' अशी नोंद असते, दुसऱ्या ठाण्यात 'सापडला आहे' अशी असते. एकाच वाक्याचे ते दोन तुकडे दोन फडताळांत कुजत राहतात. ही दोन रजिस्टरे शेजारी ठेवून वाचणारा माणूस ज्याच्या कामाचाच भाग आहे, असा कोणी या व्यवस्थेत मला भेटला नाही. आमची गोदावरी तर हद्द मानीत नाही. परभणीच्या माणसाला ती नांदेडला नेते आणि बासरला तेलंगणात पोहोचवते. जिल्हा बदलतो, राज्य बदलते, पंचनाम्याची लिपीसुद्धा बदलते. इकडे बाई मराठीत वाट पाहते आणि तिकडे तेलुगूत तिच्या धन्याची राख होते. एकट्या २०१५ साली देशात ३४ हजारांहून अधिक बेवारस प्रेतांची सरकारदरबारी नोंद झाली. म्हणजे कुठेतरी तितकीच घरे दार लोटून न घेता झोपत होती.

खुणा पटवून माणूस ओळखणे आपल्याला नवीन आहे, असेही नाही. उदगीर जिंकून, आमच्या शेजारच्या परतुराहून १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ते नाहीसे झाले. प्रेतांच्या राशीत शिर नसलेला एक देह सापडला. काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे, की पाठीवरचा कट्यारीचा जुना व्रण, पायाच्या तळव्यावरची चिन्हे अशा खुणा पाहून तो भाऊंचा म्हणून ओळखला गेला. लाखाच्या संहारात, शत्रूच्या छावणीत, त्या काळी खुणा पाहणारी माणसे होती! तरीही संशय उरला. पार्वतीबाईंनी सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. १७८३ साली त्या वारल्या, तोवर त्यांनी वाट पाहिली. त्या संशयाच्या भेगेतूनच तोतया उगवला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ मध्ये त्याने निम्मे कोकण हलवले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. एक मृत्यू निर्विवाद ठरला नाही, तर दौलतीलाही पंधरा वर्षे घोर लागतो. मग चार पत्र्यांच्या घरातल्या बाईची काय कथा? पार्वतीबाईंच्या वाट पाहण्याला इतिहासात जागा मिळाली. हिच्या वाट पाहण्याला अर्जात रकानाही मिळत नाही.

आपल्या पूर्वजांनी या पेचाचा विचार केला होता. बारा वर्षे ठावठिकाणा न लागलेल्या माणसासाठी पळसाच्या पानांचे ३६० देठ मांडून देहाची आकृती करावी आणि तिचे दहन करावे, असा पालाशविधी धर्मशास्त्राने सांगितला आहे. विधी मानावा की न मानावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण देह मिळाला नाही तरी घरच्यांना शेवट मिळाला पाहिजे, एवढे त्यांना समजले होते. इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्याने कलम १०८ मध्ये ती मुदत सात वर्षांची केली. २०२४ च्या जुलैपासून नवा साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही कलम १११ खाली सातच वर्षे आहेत. म्हणजे सात वर्षे नवऱ्याच्या नावचा सातबारा तसाच. मृत्यूचा दाखला नाही म्हणून विधवेचे अनुदान नाही, आणि मिळवता नवरा घरात नाही म्हणून चूल नाही. सात वर्षांनी तरी कागद आपण होऊन घरी येतो काय? नाही. तिनेच न्यायालयात जायचे, वकील करायचा आणि आपल्या तोंडाने सांगायचे, की माझा नवरा मेला असे समजा.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमचा मजूर गरीब म्हणून ही हेळसांड. तसेही नाही. विनोबांचा जन्म १८९५ साली ज्या गागोदे गावी झाला, त्याच्याच जोडगावाच्या, गागोदे खुर्दच्या रानात, मे २०१२ मध्ये जळालेले मानवी अवशेष सापडले. हाडांचे नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले. गुन्हा मात्र नोंदला गेला नाही. अकस्मात मृत्यूचीही रीतसर नोंद झाली नाही. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, भलत्याच प्रकरणात पकडलेल्या एका माणसाच्या जबानीतून सुगावा लागला आणि ते अवशेष शीना बोरा या तरुणीचे असल्याचे तपास यंत्रणेने सांगितले. दोषी कोण, हे न्यायालयाने ठरवावे. तो माझा विषय नाही. मुंबईतल्या श्रीमंत, नावाजलेल्या घराशी संबंध असलेली मुलगी तीन वर्षे कोणाच्याही रजिस्टरात नव्हती, हा माझा विषय आहे. आणि कळस पुढेच आहे. २०२४ मध्ये खटला चालू असताना सरकार पक्षाने न्यायालयाला सांगितले, की ते अवशेष सापडत नाहीत. काही दिवसांनी सांगितले, की दिल्लीच्या कार्यालयात सापडले. ओळख पटलेली हाडे ज्यांना सांभाळता येत नाहीत, त्यांच्या हाती आपण ओळख न पटलेली सोपवतो!

पोलिसांची बाजू मला ठाऊक आहे. माणसे थोडी, बंदोबस्त फार; शिवाय कितीतरी माणसे रागाने किंवा कर्जापायी आपणहून निघून जातात आणि महिन्याने परत येतात. खरे आहे. पण लहान मुलांच्या बाबतीत हीच सबब सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळली आणि मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवण्याचा आदेश दिला. मोठ्या माणसाचे हरवणे अद्याप नुसती नोंदच आहे. जणू अठरा वर्षे पूर्ण झाली, की माणूस हरवण्याच्या लायकीचा होतो.

साधन नाही, असेही म्हणता येणार नाही. एका दातावरून, हाडाच्या एका तुकड्यावरून डीएनए तपासून आईशी, भावाशी, लेकराशी नाते जुळवता येते. कालिना, नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी प्रयोगशाळा आहेत. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो माणसे नाहीशी केली गेली. तिथल्या आया १९७७ पासून डोक्याला पांढरे रुमाल बांधून राजधानीच्या चौकात फेऱ्या घालू लागल्या. १९८४ मध्ये काही तरुण विद्यार्थ्यांनी एका अमेरिकन तज्ज्ञाच्या हाताखाली थडग्यांतली हाडे शास्त्रशुद्ध रीतीने उकरण्यास सुरुवात केली. पुढे नातलगांचे रक्त घेऊन त्या हाडांना एकेक करून नावे परत दिली गेली. आपल्याकडे २०१९ मध्ये लोकसभेत एक विधेयक आले होते. त्यात हरवलेल्यांच्या नातलगांची एक सूची आणि अनोळखी मृतांची दुसरी, अशी तरतूद होती. त्याच विधेयकात गुन्हेगारांच्या आणि संशयितांच्याही सूच्या होत्या. माणसाच्या रक्ताची माहिती सरकारच्या हाती किती द्यावी यावर वाद झाला, आणि तो वाद रास्तच होता. २०२३ मध्ये विधेयक मागे घेतले गेले. संशयिताच्या सूचीवर वाद घाला. पण आपणहून बोट पुढे करणाऱ्या आईच्या रक्ताने कोणाचे स्वातंत्र्य धोक्यात येते?

आता आपल्याकडे वळू, कारण सगळा दोष ठाण्यात ठेवून घरी येणे फार सोपे आहे. मुलगी घरातून गेली, की तक्रार कोण टाळतो? आपणच. 'मामाकडे गेली आहे' म्हणून सांगतो, आणि अब्रू राखण्याच्या नादात तिच्या जिवाचे पहिले चार मोलाचे दिवस घालवतो. वेडसर भाऊ निघून गेला, की 'सुटला बिचारा' असे कोण म्हणतो? वर्तमानपत्रातला अनोळखी प्रेताचा तीन ओळींचा मजकूर आपण ओलांडतो आणि दिवाळी अंकातल्या रहस्यकथेतले प्रेत मात्र चवीने वाचतो. त्यात माझाही हात आहे. मीसुद्धा कादंबऱ्या लिहितो, आणि एकीत पहिल्या पानावर अनोळखी प्रेत टाकून शेवटच्या पानावर त्याची ओळख पटवून दिली आहे. त्या ठाण्यातून परतताना एस. टी. त मला त्या पुस्तकाची लाज वाटली. माझ्या पुस्तकात ती ओळख पटणारच होती. फाईलमध्ये ती पटवण्याची कोणाला निकड नव्हती.

माझी मागणी मोठी नाही; मॅट्रिक झालेल्या मास्तराला सुचेल एवढीच आहे. अनोळखी देह जाळू नका, पुरा; आणि त्या जागी क्रमांकाचा दगड ठेवा. पुरण्यापूर्वी एक दात राखा. चेहऱ्याचे, गोंदणाचे, जुन्या व्रणांचे नीट दिसणारे छायाचित्र घ्या. प्रत्येक जिल्ह्यात एक माणूस असा नेमा, ज्याने हरवलेल्यांचे आणि सापडलेल्यांचे रजिस्टर शेजारी ठेवून वाचावे. त्याने शेजारच्या जिल्ह्याला आणि शेजारच्या राज्यालाही विचारावे. अर्जांत तिसरा रकाना छापा – 'बेपत्ता' – आणि त्या घराला सात वर्षे तिष्ठत न ठेवता तात्पुरती मदत द्या. यात गोळी झाडायची नाही की धरण बांधायचे नाही. कागद कागदाला लावायचा आहे.

पुढच्या फेब्रुवारीत त्या बाईची सात वर्षे पूर्ण होतील. वकिलाने तिला तारीख सांगून ठेवली आहे. परवा तिने मला विचारले, "गुर्जी, कोरटात मी तसं बोलले, अन् मागून ते आले, तर?" मला उत्तर देता आले नाही. ज्याने तो दात राखला नाही, त्याने ते द्यावे. तोवर या धनत्रयोदशीला तुम्ही दक्षिणेकडे दिवा ठेवाल, तेव्हा घरातल्यांची नावे घेऊन झाल्यावर क्षणभर थांबा आणि तुमच्या गल्लीत, भावकीत, वर्गात कोण मोजणीत कमी भरते आहे ते आठवा. त्याची तक्रार कोणी दिली आहे काय, एवढे दिवाळी झाल्यावर ठाण्यात जाऊन विचारा. विचारणारा एक जरी असला, तरी तो माणूस बेवारस नाही.