सहल, हॉटेल आणि सूर्यास्त

दिवाळीची सुट्टी चातुर्मासात येते, आणि लातूर-नांदेडच्या आडत बाजारात तेव्हा सोयाबीनची आवक भरात असते. त्यामुळे व्यापारी घरांची सहकुटुंब सहल बहुधा मे महिन्यावर जाते. मुक्कामासह सहल म्हटली की दोन नावे हमखास निघतात : खोपोलीजवळचे इमॅजिका आणि हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी.

मुलांचा कौल बहुतेक इमॅजिकाला असतो. २०१३ साली सुरू झालेल्या या उद्यानात नायट्रोसारखे उलटेपालटे करणारे पाळणे, कृत्रिम बर्फाचे दालन आणि वॉटर पार्क आहे. नोव्होटेल हॉटेल अगदी लागून. परंतु सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांनी तेथे दिवसभर काय करावे, याचे उत्तर अवघड आहे. अपकायाच्या जीवांचा विचार करणाऱ्यांना वॉटर पार्क रुचणार नाही, आणि सहलीत त्यांच्याशी तो वाद घालू नये. १९९६ साली उभी राहिलेली रामोजी नगरी सुमारे १,६६६ एकरांत पसरली आहे. तिचा बराच भाग बसमध्ये बसून पाहता येतो. 'बाहुबली'चा भव्य देखावा नातवंडांइतकाच आजोबांनाही रमवतो. सितारा व तारा ही हॉटेले आवारातच आहेत. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेस सिकंदराबादला पोहोचवते, लातूरकर बिदर-जहीराबादमार्गे मोटारीने जातात. खोपोलीसाठी मात्र पुणे ओलांडून बोरघाट उतरावा लागतो.

तरीही खरा प्रश्न संध्याकाळच्या जेवणाचा आहे. चौविहार पाळणाऱ्या आजी "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते" असे म्हणतात आणि सारे ती त्यांची हौस समजतात. वास्तविक, परक्या ठिकाणी आपल्यामुळे सर्वांची धावपळ होईल, हा संकोच त्यामागे असतो. हॉटेलांतील रात्रीचे जेवण साधारण साडेसात-आठला मांडले जाते, तोवर सूर्य मावळलेला असतो. मे महिन्यात हैदराबादेत सूर्यास्त खोपोलीपेक्षा सुमारे २० मिनिटे आधी होतो. साडेसहाच्या आत ताट आणि पाणी दोन्ही उरकायला हवे.

म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी घरातील कर्त्याने आरक्षण विभागाशी नव्हे, थेट स्वयंपाकघराच्या प्रमुखाशी बोलावे. 'जैन जेवण मिळेल' एवढ्यावर विसंबू नये. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ केवळ कांदा-लसूण वर्ज्य असा घेतला जातो. बटाटा, गाजर आणि ओले आले तसेच राहते. रश्शाचे वाटण सकाळीच कांदा घालून तयार असेल, तर वाट्याला वरण-पोळीच येते. सहा वाजता वेगळे ताट, उकळलेले गार पाणी आणि नवकारसीनंतरचा नाश्ता, एवढे लेखी मागावे. सौदा पट्टीवर उतरवणाऱ्या व्यापाऱ्याला हे सांगावे लागू नये, पण सहलीच्या उत्साहात तेच राहून जाते.

वडीलधारे बरोबर असतील तर रामोजीची बाजू जड आहे. केवळ तरुण मंडळी असतील तर इमॅजिका खुशाल निवडावे. रामोजीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. हैदराबादहून वरंगलच्या रस्त्याने सुमारे ८० किलोमीटरवर, आलेरजवळ, कुल्पाकजीचे प्राचीन तीर्थ आहे. भगवान आदिनाथांची माणिक्यस्वामी म्हणून पूजली जाणारी प्रतिमा तेथे आहे, धर्मशाळा आणि भोजनशाळाही. हॉटेलातील दोन रात्रींपैकी एक कमी करून ती तेथे काढली, तर त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची विनंती कोणाला करावी लागणार नाही.